टेकडीवरचे ग्रीक नाट्यगृह: एपिडॉरसचे स्थापत्य आणि दुरुस्ती कुठून सुरू व्हावी?

वास्तुवेध

प्राचीन ग्रीक नाट्यगृहांविषयी मराठीत जे वाचायला मिळते, त्यात बहुधा शोकांतिका असतात, नाही तर तिथल्या आवाजाच्या अद्भुत कथा असतात. ज्या डोंगरउतारावर ही नाट्यगृहे बसवली गेली त्या उताराविषयी, त्याच्या मातीविषयी आणि त्यावरून वाहणाऱ्या पाण्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे. ग्रीक नाट्यगृहाची टेकडी हा त्या इमारतीचाच एक अवयव आहे, आणि तिथली दुरुस्ती पाण्याच्या निचऱ्यापासून व बाजूच्या आधारभिंतींपासून सुरू व्हायला हवी. आसने आणि दर्शनी भाग यांचा क्रम त्यानंतरचा, असे माझे मत आहे. उदाहरण म्हणून एपिडॉरस घेतो, कारण इतक्या चांगल्या स्थितीत उरलेली ग्रीक नाट्यगृहे फार थोडी आहेत.

एपिडॉरस हे पेलोपोनीजच्या ईशान्य भागातले अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे तीर्थस्थान. दूरदूरचे रुग्ण तिथे येत, देवळाच्या आवारातल्या दालनात झोपत आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल या आशेवर रात्र काढत. या आवाराच्या आग्नेयेस, किनॉर्टियन डोंगराच्या उतारावर, इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाट्यगृह उभे राहिले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस त्याच्या रचनेचे श्रेय पॉलिक्लिटसला देतो. रोमनांची नाट्यगृहे थाटामाटात पुढे असतील, मेगालोपोलिसचे आकाराने मोठे असेल, पण प्रमाणबद्धता आणि सौंदर्य यांत पॉलिक्लिटसची बरोबरी कोण करणार, असा त्याचा अभिप्राय आहे.

खालच्या टप्प्यात आसनांच्या ३४ रांगा आहेत, मग आडवी फिरणारी रुंद वाट आणि तिच्या वर २१ रांगा. उभ्या जिन्यांमुळे खालच्या टप्प्याचे १२ आणि वरच्या टप्प्याचे २२ पाचरीसारखे विभाग पडतात. रंगतळ, म्हणजे ज्याला ग्रीक लोक ऑर्केस्ट्रा म्हणत ते वर्तुळ, सुमारे २० मीटर व्यासाचे आहे. त्याला दगडी कड आहे, आतली जमीन चोपलेल्या मातीची आहे आणि मधोमध एक गोल दगड बसवलेला आहे. सर्वांत वरची रांग या मध्यापासून सुमारे ६० मीटर दूर आणि सुमारे २२ मीटर उंच आहे. एकूण १२ ते १४ हजार माणसे बसू शकतात असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

आता एकच आसन बाजूने पाहा. दगडाची पुढची उभी बाजू सरळ नाही. ती खालच्या अंगाला आत कोरलेली आहे, त्यामुळे बसणाऱ्याला पाय मागे ओढून घेता येतात आणि समोरून कोणी जाऊ लागले तर वाट देता येते. त्याच दगडाच्या वरच्या पृष्ठभागाचा मागचा भाग थोडा खाली उतरवलेला आहे. तिथे मागच्या रांगेतल्या माणसाची पावले टेकतात, म्हणजे पुढच्याच्या कपड्यांना धूळ लागत नाही. सर्वांत खालच्या रांगेत आणि आडव्या वाटेच्या दोन्ही अंगांना पाठ टेकण्याची सोय असलेली मानाची आसने आहेत. शेकडो वर्षे माणसे बसवण्याचा अनुभव असल्याशिवाय दगडाला असा आकार देणे सुचत नाही.

या सगळ्यात माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते रंगतळाभोवतीच्या गटाराने. मधले आठ विभाग रंगतळाच्या मध्यातूनच आखलेले आहेत, पण दोन्ही टोकांचे दोन-दोन विभाग अधिक मोठ्या त्रिज्येने आखले आहेत. त्यामुळे प्रेक्षागृहाची टोके किंचित बाहेर उघडतात, टोकाला बसलेल्यांना नीट दिसते, आणि आसने व रंगतळ यांच्यामधली खोलगट दगडी वाट टोकांकडे रुंद होत जाते. वरून येणारे पावसाचे पाणी याच वाटेत जमते आणि बाहेर पडते. नाटक संपल्यावर लोकांनाही तिथून बाहेर पडायला जागा मिळते. एका वक्ररेषेतून तीन कामे साधली आहेत.

दुरुस्तीचा इतिहास थोडक्यात सांगतो. अथेन्सच्या पुरातत्त्व संस्थेतर्फे पानागिस काव्वाडियास यांनी १८८१ मध्ये उत्खनन सुरू केले. डोंगरावरून घसरत आलेल्या मातीखाली प्रेक्षागृह बऱ्याच अंशी शाबूत होते. रंगतळामागची नेपथ्याची इमारत मात्र पायापर्यंत गेलेली होती. १९०७ मध्ये पश्चिमेकडील प्रवेशमार्गाच्या बाजूचे काम झाले. १९५४ ते १९६३ या काळात अनास्तासिओस ऑर्लांडोस यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली, आणि १९८० च्या दशकापासून एपिडॉरसच्या स्मारकांसाठी नेमलेली शास्त्रीय समिती काम पाहते आहे. १९८८ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आले.

अभियंते, नाट्यकर्मी, इतिहासाचे अभ्यासक अशा सर्वांनी यावर लिहावे अशी विनंती आहे.

---

कातळकडा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी आधारभिंती आणि उतारांचे स्थैर्य या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे तुमच्या मुख्य मुद्द्याला दुजोरा देतो आणि थोडा हिशेब मांडतो.

६० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ धरले तर क्षेत्रफळ साधारण ५,६५० चौरस मीटर भरते. तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ग्रीसमध्ये वादळी सरीत इतका पाऊस पडणे अजिबात नवलाचे नाही, तर या पृष्ठभागावर सुमारे १,१३,००० लिटर पाणी येते. वरच्या डोंगरावरून उतरणारे पाणी यात धरलेले नाही. म्हणजे जे प्रेक्षागृह नजर आणि आवाज मध्याकडे आणण्यासाठी बांधले, तेच पाणीही मध्याकडे आणते. रंगतळाभोवतीचे गटार तुंबले तर पाणी खालच्या रांगांच्या पायात शिरते, बारीक माती धुऊन नेते, दगड एकेक करून खचतात, आणि वरून पाहणाऱ्याला फक्त रांग वाकडी झालेली दिसते. अशा वेळी वाकडा दगड उचलून सरळ बसवणे म्हणजे दुखणे सोडून सुजेवर लेप लावणे.

दुसरा मुद्दा भिंतींचा. डोंगराच्या नैसर्गिक खोबणीत बसलेल्या मधल्या आसनांना फारसा धोका नसतो, कारण त्यांच्याखाली मूळ जमीन असते. धोका असतो तो दोन्ही टोकांना, जिथे डोंगर संपतो आणि अर्धवर्तुळ पुरे करण्यासाठी भराव घालावा लागतो. तो भराव धरून ठेवणाऱ्या भिंतीवर मातीचा आडवा दाब येतो. भराव कोरडा असेल तोवर भिंत तो सहज पेलते. पाणी साचले की मातीचे वजन वाढते, तिची पकड कमी होते आणि मागच्या पाण्याचा दाब वेगळा येतो. भूकंपाच्या देशात यात हादऱ्यांची भर पडते. म्हणून अशा बहुतेक नाट्यगृहांत आधी टोके ढासळतात आणि मधला भाग टिकतो.

हे पाहायचे असेल तर वायव्य ग्रीसच्या एपिरस प्रांतातले डोडोनाचे नाट्यगृह पाहावे. पिरस राजाच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व २९७ ते २७२ च्या दरम्यान, ते टोमारोस पर्वताच्या पायथ्याशी बांधले गेले, आणि तिथे १७ ते १८ हजार माणसे बसत असावीत असे मानतात. डोंगराचा आधार अपुरा होता म्हणून बाजूंना प्रचंड भराव घालून तो बुरुजांनी मजबूत केलेल्या उंच भिंतींनी धरला आहे. त्या भिंतींचे दर्शन किल्ल्यासारखे आहे, आणि त्यांचे कामही तसेच, फक्त शत्रू आतल्या बाजूला आहे. तिथला दुसरा प्रश्न दगडाचा आहे. आसनांचा चुनखडी दगड स्थानिक आहे, त्याला नैसर्गिक भेगा आहेत, आणि एपिरसच्या हिवाळ्यात भेगांतले पाणी गोठून फुगते, तेव्हा दगडाचे पापुद्रे आणि ढलपे निघतात. उन्हाळ्यात भेटीला येणाऱ्या पर्यटकाला याची कल्पना येत नाही.

---

मृदुला_क

दोघांचेही लेखन अतिशय वाचनीय आहे. एक शंका आहे. ३४ आणि २१ या रांगांच्या संख्या फिबोनाची मालिकेत (जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) येतात, त्यांचे गुणोत्तर सुवर्णगुणोत्तराच्या, म्हणजे साधारण १.६१८ च्या, जवळ जाते, आणि बेरीज ५५ हीदेखील त्याच मालिकेत येते. हे जाणूनबुजून केले असेल का?

---

वास्तुवेध

मृदुलाताई, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि गणित बरोबरच आहे: ३४ भागिले २१ म्हणजे साधारण १.६१९. पण वरचा २१ रांगांचा टप्पा मूळ बांधकामानंतर, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात जोडला गेला असे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. ते खरे असेल तर मूळ नाट्यगृह फक्त ३४ रांगांचे होते आणि गुणोत्तराचा प्रश्नच उरत नाही. संपूर्ण आराखडा सुरुवातीपासून एकच होता असे मानणारे अभ्यासकही आहेत. या निर्णयासाठी मी संख्यांपेक्षा बांधकामाच्या पुराव्यावर भर देईन: दोन टप्प्यांतल्या दगडांची घडण, सांधे, आडव्या वाटेखालचा पाया. टोकांच्या विभागांची मोठी त्रिज्या ही मोजपट्टीने सिद्ध झालेली गोष्ट आहे, आणि रचनाकाराची बुद्धी मला तिथे अधिक स्पष्ट दिसते.

---

नेपथ्यशाळा

मी नाट्यक्षेत्रातली आहे, म्हणून आवाजाबद्दल लिहिते. मधल्या दगडावर नाणे टाकले की शेवटच्या रांगेत ऐकू येते, हे मार्गदर्शक प्रत्येक पर्यटकाला करून दाखवतात. या नाट्यगृहावर शास्त्रीय काम झालेले आहे आणि ते कथेपेक्षा जास्त रंजक आहे.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधील निको डेक्लर्क आणि सिंडी डेकायझर यांनी मांडले की, चुनखडीच्या पायऱ्यांची एकसारखी पुनरावृत्ती आवाजासाठी गाळणीसारखी काम करते. साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे सूर, ज्यांत वारा, झाडे आणि लोकांची कुजबुज यांचा गोंगाट येतो, ते दबले जातात आणि वरचे सूर प्रेक्षकांपर्यंत परततात. माणसाच्या आवाजातलेही खालचे सूर यात कमी होतात, पण वरच्या सुरांवरून गळालेला मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो, म्हणून बोलणे तुटक वाटत नाही. पुढे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली आणि त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये जाहीर झाले. नाणे पडल्याचा किंवा कागद फाडल्याचा आवाज सगळीकडे पोहोचतो, पण तो नाण्याचा की कागदाचा हे साधारण निम्म्या रांगांपर्यंतच ओळखता येते, आणि कुजबुज पुढच्या रांगांपलीकडे समजत नाही, असे त्यांना आढळले. नटाने आवाज फेकून बोलावे लागते. प्रशिक्षित नटाचा शब्द मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, आणि हजारो माणसांच्या उघड्या नाट्यगृहात तेच पुरेसे विलक्षण आहे.

आता हे दुरुस्तीशी जोडते. आवाजाला पायरीचा आकार, तिची कड आणि रांगांची नियमितता यांनी फरक पडत असेल, तर दुरुस्तीत बसवलेल्या नव्या दगडाची कड गोलसर झाली की सपाट राहिली, हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. रंगतळाच्या चोपलेल्या जमिनीवरूनही आवाज परावर्तित होतो. तिच्यावर प्रयोगासाठी लाकडी तळ घातला की ते परावर्तन बदलते. शिवाय नटाच्या मागे एके काळी नेपथ्यगृहाची दुमजली भिंत होती. ती आज नाही, त्यामुळे आपण जे ऐकतो ते प्राचीन प्रेक्षकाने ऐकलेले नाही. या मोजमापांचे निष्कर्ष वाचताना एवढे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

---

परिघ

नेपथ्यशाळा यांच्या शेवटच्या वाक्यावरूनच विचारतो. नेपथ्यगृहाचा पाया मिळाला आहे, दर्शनी भागातल्या अर्धस्तंभांचे अवशेष आहेत, दोन्ही बाजूंनी वर जाणारे उतार माहीत आहेत. मग ती इमारत पुन्हा का उभारू नये? नाट्यगृह हे वापरण्यासाठीच बांधलेले असते. १९३८ मध्ये दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस यांनी सोफोक्लीसची 'इलेक्ट्रा' तिथे सादर केली, १९५० च्या दशकाच्या मध्यापासून दर उन्हाळ्यात महोत्सव होतो, ऑपेरागायिका मारिया कॅलास १९६० मध्ये 'नॉर्मा' आणि १९६१ मध्ये 'मेडिया' तिथेच गायल्या. इतका जिवंत वापर असलेल्या वास्तूचा अर्धा देह गायब ठेवणे मला पटत नाही.

---

जीर्णपर्ण

परिघ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, दोन तत्त्वे स्पष्ट सांगितली आहेत. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि उत्खनन झालेल्या अवशेषांच्या बाबतीत, सुटे झालेले मूळ तुकडे पुन्हा एकत्र जोडणे एवढेच मान्य आहे, आणि जोडण्यासाठी वापरलेले नवे साहित्य ओळखू आले पाहिजे. ग्रीसमधले काम या चौकटीत चालते. एपिडॉरसच्या पश्चिम प्रवेशमार्गाचे दगडी द्वार उभे करता आले, कारण त्याचे पुरेसे भाग हाती होते. नेपथ्यगृहाचा पाया आणि काही अंश हाती असले, तरी वरच्या मजल्याची उंची, छप्पर, स्तंभांमधल्या रंगवलेल्या फळ्या हे सारे तर्काने भरावे लागेल. असे एखादे प्रारूप संगणकावर किंवा संग्रहालयात करावे, मला ते आवडेल. मूळ पायावर करू नये, कारण उद्या तर्क बदलला तर खालचा पुरावा आपण झाकून टाकलेला असेल.

सनदेआधी काय होत असे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचे आहे. निकोलाओस बालानोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथे मोठे काम केले. प्राचीन गवंडी दगड जोडताना लोखंडी पट्टी खाचेत बसवत आणि तिच्याभोवती वितळलेले शिसे ओतत. शिशामुळे पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नसे, आणि हादरा बसला तर मऊ शिसे थोडे दबून दगड वाचवत असे. बालानोस यांच्या कामात लोखंड वापरले गेले, पण शिशाचे हे कवच नीट दिले गेले नाही. लोखंड गंजले, गंजताना फुगले आणि संगमरवर आतून तडकला. तुटलेल्या दगडाला नवा तुकडा जोडता यावा म्हणून मूळ दगडाची तुटलेली बाजू कापून सपाट करण्याचीही पद्धत होती. १९७५ मध्ये अक्रोपोलिससाठी समिती नेमली गेली, आणि तिने हे दोन्ही बदलले: जोडपट्ट्या टायटॅनियमच्या आल्या, आणि मूळ दगडाला हात न लावता नव्या संगमरवराची बाजू जुन्या तुटीच्या खाचाखोचांबरहुकूम कोरली जाऊ लागली. म्हणजे पुढच्या पिढीला नवा तुकडा काढायचा असला तर जुना दगड जसाच्या तसा मिळेल.

त्याच अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनायसस या देवाचे नाट्यगृह आहे. जिथे एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटके पहिल्यांदा झाली, ती हीच जागा. पण त्यांच्या काळी तिथे लाकडी बाके होती. दगडी प्रेक्षागृह पूर्ण झाले ते अथेन्सचा मुत्सद्दी लायकर्गस याच्या कारकिर्दीत, इसवी सनपूर्व ३३० च्या सुमारास. पुढच्या रांगेत संगमरवरी मानाची आसने आहेत, आणि मधले, सर्वांत नक्षीदार आसन डायोनायससच्या पुजाऱ्याचे आहे. पण या नाट्यगृहाचे दैव एपिडॉरससारखे नव्हते. रोमन काळात रंगतळावर संगमरवरी फरशी आली, माणसांच्या आणि प्राण्यांच्या झुंजींसाठी कठडा उभारला गेला, नंतर पूर्वेकडच्या प्रवेशमार्गात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर बांधले गेले, आणि शहरात असल्यामुळे आसनांचे दगड लोकांनी नेले. एपिडॉरस वस्तीपासून दूर होते आणि मातीखाली गाडले गेले, म्हणून वाचले.

ग्रीक संस्कृती मंत्रालयाने २००९ च्या अखेरीस अथेन्सच्या या नाट्यगृहाच्या अंशतः पुनर्बांधणीसाठी ६० लाख युरोंचा कार्यक्रम जाहीर केला. सापडलेले तुकडे आणि नवा दगड यांच्या मेळातून काही रांगा पुन्हा रचायच्या, हा त्याचा गाभा. यावर टीकाही झाली, पण मला त्यातले एक कारण पटते. आसनांचा थर नसेल तर मागची उघडी माती दर पावसात घसरते. रांगा रचल्याने आकार दिसतो हे खरे, पण त्याच वेळी उतारावर पुन्हा आवरण येते. वास्तुवेध आणि कातळकडा जे म्हणत आहेत त्याच्याशी हे जुळते.

---

कातळकडा

जीर्णपर्ण यांनी अथेन्सबद्दल जे लिहिले त्याला एक पुरवणी जोडतो. नव्या रांगा रचताना त्यांच्याखाली काय घालायचे, हा प्रश्न वरच्या दगडाइतकाच गंभीर आहे. काँक्रीटचा एकसंध तळ घातला तर काम झटपट होते, पण मागच्या मातीतले पाणी अडते आणि ते दुसरीकडे, बहुधा जुन्याच दगडांमधून, वाट काढते. चुन्याचे मिश्रण, पाणी झिरपू देणारा खडीचा थर आणि त्याखाली पाण्याला स्वतंत्र वाट, हे संथ आणि खर्चिक काम आहे, पण शतकांच्या हिशेबात तेच स्वस्त पडते. सिमेंटमधले क्षारही चुनखडीत उतरतात आणि तिची झीज वाढवतात, हे आपल्या जुन्या वास्तूंवर काम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

---

परिघ

जीर्णपर्ण यांचे उत्तर समाधानकारक आहे. पायावरचा पुरावा झाकला जाईल हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही वापराबद्दल माझा आग्रह कायम आहे. लोकांनी नाटक पाहायला येणे थांबवले तर पैसा आणि राजकीय इच्छा दोन्ही आटतील.

---

अनघा_बर्लिन

परिघ यांच्या पैशाच्या मुद्द्यावर एक माहिती. ग्रीसमध्ये २००८ मध्ये 'डियाझोमा' नावाची नागरिकांची चळवळ सुरू झाली. माजी संस्कृतिमंत्री स्टाव्ह्रोस बेनोस यांनी ती उभी केली. प्रेक्षागृहाचे दोन टप्पे जोडणाऱ्या आडव्या वाटेचे नाव तिने घेतले आहे. पुरातत्त्वज्ञ, वास्तुरचनाकार, कलावंत, नगरपालिका आणि साधे नागरिक तिचे सदस्य आहेत. एकेका नाट्यगृहाच्या नावाने गल्ला उघडून लोकांकडून देणग्या घेतल्या जातात, त्यातून आधी अभ्यास आणि आराखडे तयार करून घेतले जातात, आणि तयार आराखडा हाती असल्यामुळे युरोपीय निधीतून प्रत्यक्ष कामाचा पैसा मिळवणे सोपे जाते. काम मात्र मंत्रालयाच्या पुरातत्त्व विभागाच्या मान्यतेनेच होते. लोकांचा थोडा पैसा आधी आराखड्याला आणि सरकारचा मोठा पैसा नंतर कामाला, हा क्रम मला फार विचारपूर्वक ठरवलेला वाटतो.

---

स्मिता_दादर

वापराचा विषय निघाला आहे म्हणून डेल्फीच्या नाट्यगृहाचा उल्लेख करते, कारण त्यात मुंबईचाही एक धागा आहे. पार्नासस पर्वताच्या उतारावर, अपोलोच्या मंदिराच्या वर, ३५ रांगांचे ते नाट्यगृह आहे. १९२७ मध्ये कवी अँगेलोस सिकेलियानोस आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी एव्हा पामर यांनी तिथे डेल्फिक महोत्सव भरवला आणि एस्किलसचे 'प्रॉमिथियस बाउंड' सादर केले. प्राचीन नाट्यगृहांत पुन्हा नाटके करण्याच्या प्रथेला त्या महोत्सवाने मोठी चालना दिली. १९२० च्या दशकात दादाभाई नौरोजींची नात खुर्शेदबेन नौरोजी अथेन्समध्ये एव्हा पामर यांच्या सहवासात होत्या. त्या स्वतः पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या गायिका होत्या, आणि पाश्चात्त्य सुरपट्टीत न बसणाऱ्या ग्रीक व भारतीय संगीताबद्दल दोघींचे विचारमंथन चाले. पुढे खुर्शेदबेन भारतात परतल्या आणि गांधीजींच्या चळवळीत उतरल्या. डेल्फीच्या प्रयोगांत वृंदगानावर इतका भर का होता हे समजून घ्यायचे तर एव्हा पामर यांचे हे संगीतचिंतन डावलता येत नाही.

---

नेपथ्यशाळा

स्मिताताई, खुर्शेदबेन यांचा हा भाग मला ठाऊक नव्हता. फार आनंद झाला. वृंदगानाचा मुद्दा स्थापत्यालाही लागू पडतो: पूर्ण वर्तुळाचा रंगतळ हा मुळात वृंदासाठी आहे. एकट्या नटासाठी एवढ्या मोठ्या जागेची गरज नव्हती. आजचे दिग्दर्शक तिथे उंच, अवजड नेपथ्य उभारतात तेव्हा मला खंत वाटते, कारण वर बसलेल्याला वर्तुळ दिसायचे थांबते.

---

मृदुला_क

येत्या उन्हाळ्यात ग्रीसला जाण्याचा विचार आहे. नाणे टाकून पाहण्यापलीकडे एपिडॉरसमध्ये काय पाहावे, हे सांगाल का?

---

वास्तुवेध

अवश्य. आत शिरल्यावर लगेच वर चढू नका. पश्चिमेच्या द्वारातून येताना बाजूच्या आधारभिंतीकडे पाहा आणि कुठला दगड मूळ, कुठला दुरुस्तीतला, हे रंग, घडण आणि कडांवरून ओळखण्याचा प्रयत्न करा. मग रंगतळाच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. गटाराची वाट मध्यावर अरुंद आणि टोकांना रुंद आहे, हे पावलांनाच कळेल. त्यानंतर टोकाच्या विभागात दहा-बारा रांगा चढून बसा आणि रंगतळाच्या मध्याकडे पाहा, मग तेवढ्याच उंचीवर मधल्या विभागात जाऊन बसा. टोकाची वक्ररेषा का उघडली आहे, हे या दोन जागांवरून स्पष्ट दिसते. आवारातल्या संग्रहालयातही जा, तिथे पॉलिक्लिटसच्याच नावावर असलेल्या गोल वास्तूचे नक्षीदार दगड आहेत.

नाटक पाहायचे असेल तर महोत्सवाचे प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये, बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री होतात. उंच टाचांची पादत्राणे चालत नाहीत, कारण टाचेच्या टोकावर येणारा दाब चुनखडीच्या कडा फोडतो. दगडावर घालायला पातळ उशी घ्या, आणि वरच्या टप्प्याचे तिकीट मिळाले तरी नाराज होऊ नका.